अलेक्झांडरवोल : गावासकट उठून गेलेली एक मेनोनाईट मंडळी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, गव्हाच्या सपाट शेतांमधून दक्षिणोत्तर जाणाऱ्या १५ क्रमांकाच्या राज्य महामार्गावर, गोसेल नावाच्या लहानशा गावाच्या जरा उत्तरेला एक मोठे पांढरे चर्च उभे आहे. त्याचे नाव अलेक्झांडरवोल. हे नाव रशियाच्या एका झारवरून पडले आहे. तिथे उपासनेला येणाऱ्या घराण्यांच्या आडनावांत डच, जर्मन आणि स्लाव्ह अशी सरमिसळ आहे, जुन्या माणसांची घरातली बोली पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या खोऱ्यातली होती, आणि सणासुदीला रांधले जाणारे कित्येक पदार्थ आजच्या युक्रेनमधल्या गवताळ मैदानातून आले आहेत. एका ग्रामीण चर्चमध्ये एवढे देश एकत्र आले, कारण ही मंडळी दोनदा जवळपास अख्खीच्या अख्खी उठून दुसऱ्या देशात गेली. माणसे स्थलांतर करतात हे आपण रोज पाहतो. मंडळीने मंडळी म्हणून, आपली नोंदवही आणि आपले ‘वडील’, म्हणजे मंडळीचे धार्मिक प्रमुख, बरोबर घेऊन स्थलांतर करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती कशी घडली हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी एका शब्दाविषयी. मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात आणि मराठी बायबलमध्ये ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी येत नाही, तो विश्वासणाऱ्यांच्या समुदायासाठी येतो. मेनोनाईटांची सगळी कहाणी या एका शब्दात सामावलेली आहे असे मला वाटते. ज्यांच्या लेखी चर्च म्हणजे देऊळ किंवा वास्तू आहे, त्यांना ते जागेवर सोडूनच जावे लागते. ज्यांच्या लेखी चर्च म्हणजे माणसे आहेत, त्यांना ते गाडीत बसवून नेता येते.

मेनोनाईट हे सोळाव्या शतकातल्या युरोपातील धर्मसुधारणेच्या एका शाखेचे वंशज आहेत. जानेवारी १५२५ मध्ये झुरिक शहरात काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचे म्हणणे असे, की तान्ह्या बाळाला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावर ओतलेल्या पाण्याला अर्थ नाही. माणसाने मोठे झाल्यावर स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी आणि मगच बाप्तिस्मा घ्यावा. आज हा मतभेद किरकोळ वाटेल, पण त्या काळी बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे एका अर्थाने राज्याच्या प्रजेत त्याची नोंद होती. जन्मलेला प्रत्येक जण आपोआप चर्चचाही आणि राजाचाही, ही व्यवस्था गृहीत धरलेली होती. बाळाचा बाप्तिस्मा नाकारणारा माणूस ती व्यवस्थाच नाकारत होता, आणि म्हणूनच कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंचे सत्ताधीश या लोकांच्या जिवावर उठले. जानेवारी १५२७ मध्ये झुरिकमधल्या फेलिक्स मान्झ यांना लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले.

उत्तरेकडे, नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात, मेनो सिमन्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने १५३६ मध्ये आपले पद सोडले आणि विखुरलेल्या, भेदरलेल्या या लोकांना एकत्र बांधले. त्यांच्याच नावावरून ‘मेनोनाईट’ हे नाव रूढ झाले. प्रौढ बाप्तिस्म्याखेरीज या लोकांच्या आणखी दोन गोष्टी पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा आड येतात. एक म्हणजे ते शस्त्र हाती घेत नाहीत, आणि दुसरी म्हणजे ते शपथ वाहत नाहीत. दोन्हींचा आधार बायबलमधले येशूचे डोंगरावरील प्रवचन हा आहे. शत्रूवर प्रीती करा आणि तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असू द्या, ही वचने त्यांनी अक्षरशः घेतली. सैन्य उभारणाऱ्या आणि निष्ठेची शपथ मागणाऱ्या कोणत्याही राज्याला अशी प्रजा अवघड जाते, हे उघड आहे.

छळाला कंटाळून डच आणि फ्लेमिश मेनोनाईट पूर्वेकडे, विस्तुला नदीच्या मुखाकडच्या आणि काठच्या प्रदेशात गेले. तिथल्या पोलिश जमीनदारांना पाणथळ जमिनी लागवडीखाली आणायच्या होत्या, आणि समुद्राशी झुंजत शेती करण्याची विद्या या डच लोकांच्या हाडीमाशी मुरलेली होती. बंधारे घालणे, चर खणणे, पवनचक्कीने पाणी उपसणे हे त्यांना येत होते. धर्म कोणता का असेना, दलदलीतून पीक काढून देणारा कूळ जमीनदाराला हवाच असतो. अलेक्झांडरवोलचे पूर्वज या भागातल्या प्शेखुफ्को नावाच्या गावी स्थिरावले. हे गाव विस्तुलाच्या काठी श्वेत्झ शहराजवळ होते. आज त्या शहराला पोलिश भाषेत श्विएचे म्हणतात. ही मंडळी ‘जुने फ्लेमिश’ या कडक शिस्तीच्या गटातली होती आणि तिचे धागे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या मंडळींशी जुळलेले होते. त्या गटात नुसते बाहेरच्या ख्रिस्ती लोकांशीच नव्हे, तर दुसऱ्या गटाच्या मेनोनाईटांशीही लग्न करणे दोषास्पद मानले जाई.

या मंडळीजवळ एक नोंदवही होती, आणि तिच्यामुळेच तिचा इतिहास आपल्याला इतक्या बारकाईने कळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळीच्या वडिलांनी जुन्या माणसांच्या आठवणी आणि हाती असलेल्या नोंदी जमवून घराण्यांची वंशावळ लिहून काढली. कोण कुणाचा मुलगा, कुणाचे लग्न कुणाशी झाले, बाप्तिस्मा कुणी दिला, असे सगळे तिच्यात टिपलेले आहे. बुलर, वेडेल, उन्रू, श्मिट, रात्झलाफ, पांक्राट्झ, फोट अशी आडनावे तिच्यात पानोपानी येतात. यातली काही उघड डच आहेत, काही जर्मन आहेत आणि रात्झलाफसारखी काही स्लाव्ह वळणाची आहेत. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की कडक शिस्तीची ही मंडळी दिसते तेवढी बंद नव्हती. शेजारपाजारची माणसे तिच्यात आली आणि तिचीच झाली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ज्या श्रद्धेचा पाया असा, की जन्माने कुणी सभासद होत नाही, त्याच श्रद्धेच्या लोकांनी जन्माची वही इतक्या जिव्हाळ्याने जपली. तत्त्व म्हणून ही मंडळी प्रत्येकाच्या स्वतंत्र निर्णयावर उभी होती, पण व्यवहारात लग्ने आपसांत, बोली आपली, शेती शेजारी शेजारी आणि आडनावे पिढ्यानपिढ्या तीच. जातीच्या समाजात वाढलेल्या मराठी वाचकाला हे चित्र चटकन ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की इथे प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी सर्वांसमोर उभे राहून ‘मला हे हवे आहे’ असे म्हणावेच लागे. निवड आणि वारसा यांच्यातला हा ताण या मंडळीतून कधीच गेला नाही, आणि माझ्या मते तिच्या टिकून राहण्याचे बळही त्याच ताणात आहे.

१७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि हा प्रदेश प्रशियाच्या राजाकडे गेला. प्रशिया हे लष्करावर उभे असलेले राज्य होते. मेनोनाईटांनी सैन्यात माणसे देण्याऐवजी दरवर्षी ५,००० थालर भरावेत असे ठरले, आणि तो पैसा कुल्म इथल्या सैनिकी शाळेसाठी जाई. स्वतः शस्त्र धरायचे नाही, पण शस्त्र शिकवणाऱ्या शाळेचा खर्च उचलायचा, ही तडजोड त्यांनी पत्करली. पुढचा फास जमिनीचा होता. तिथे सैन्यात माणसे पुरवण्याची जबाबदारी जमिनीला जोडलेली असे, त्यामुळे मेनोनाईटांनी जमीन घेतली की तेवढे सैनिक कमी होत. १७८९ च्या फर्मानाने त्यांच्या नव्या जमीनखरेदीवर कडक बंधने आली. वाढत्या कुटुंबांच्या शेतकरी समाजासाठी याचा अर्थ सरळ होता, पुढच्या पिढीला इथे शेत नाही.

याच सुमारास रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी तुर्कांकडून जिंकलेल्या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील मैदानात वस्ती करायला परदेशी शेतकऱ्यांना बोलावत होती. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्टित्सा इथे मेनोनाईटांची पहिली वसाहत झाली, आणि १८०४ पासून मोलोच्ना नदीच्या काठी दुसरी, अधिक मोठी वसाहत उभी राहू लागली. १८०० मध्ये झार पॉल यांनी त्यांना सनद दिली होती. तिच्यात धर्मस्वातंत्र्य, लष्करी सेवेतून कायमची सूट आणि दर कुटुंबाला ६५ दिस्यातीन, म्हणजे सुमारे १७५ एकर जमीन असे शब्द होते. ‘कायमची’ हा शब्द त्यांनी मनात कोरून ठेवला.

प्शेखुफ्कोची मंडळी १८२० मध्ये निघाली. वडील पेटर वेडेल यांच्याबरोबर बहुतेक कुटुंबे गाड्यांतून पूर्वेकडे चालली होती. वाटेत त्यांची गाठ प्रवासात असलेल्या झार अलेक्झांडर पहिल्याशी पडली. झारने त्यांची विचारपूस केली, त्यांना भले चिंतले आणि मोलोच्नातल्या त्यांच्या बांधवांना नमस्कार सांगितला. तो दोनच वर्षांपूर्वी, १८१८ मध्ये, त्या वसाहतीत येऊन गेला होता. या भेटीची आठवण म्हणून नव्या गावाला अलेक्झांडरवोल हे नाव मिळाले. जर्मन भाषेत ‘वोल’ म्हणजे भले, कल्याण. ज्याच्या आशीर्वादावरून गावाचे नाव ठेवले, त्याच्याच पुतण्याच्या राजवटीत तेच गाव सोडावे लागेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मोलोच्नाच्या मैदानात झाडे नव्हती. सरपण नाही, तेव्हा त्यांनी गुरांचे शेण आणि पेंढा मळून त्याच्या विटा थापल्या, उन्हात वाळवल्या आणि घराच्या मधोमध बांधलेल्या मोठ्या विटांच्या भट्टीत त्या जाळल्या. गोवऱ्या थापणाऱ्या हातांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको. घर आणि गोठा एकाच लांब छपराखाली, एकमेकांना लागून असत, म्हणजे हिवाळ्यात बर्फात न उतरताही गुरांना वैरण टाकता येई. एक सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरे आणि मागे लांबट पट्ट्यांची शेते, अशी गावाची रचना होती. योहान कॉर्नीस या कर्तबगार मेनोनाईट शेतकऱ्याच्या पुढाकाराने १८३० च्या दशकापासून शेत पाळीपाळीने पडीक ठेवणे, पिकांची फेरपालट आणि झाडांची सक्तीची लागवड यांची घडी बसली आणि मोलोच्ना रशियातल्या भरभराटीच्या वसाहतींपैकी एक झाली.

या समृद्धीच्या पोटातच अडचण वाढत होती. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडतात आणि सगळेच गरीब होतात. मोलोच्नात उलटे होते. पूर्ण शेत तोडायचे नाही असा नियम असल्याने एका मुलाला सगळे शेत मिळे आणि बाकीचे भूमिहीन होत. १८६० च्या दशकापर्यंत वसाहतीतली निम्म्याहून अधिक कुटुंबे भूमिहीन झाली होती. ग्रामसभेत मत मात्र जमीनवाल्यालाच होते. एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसणाऱ्या भावांमध्ये यावरून कडवटपणा आला. स्थलांतराचा इतिहास सांगताना केवळ धर्माचे कारण सांगितले जाते आणि जमिनीचे हे कारण मागे पडते, ते बरोबर नाही. विवेकाचा प्रश्न खराच होता, पण पोटाचा प्रश्नही तितकाच खरा होता.

विवेकाचा प्रश्न १८७० नंतर उभा राहिला. झार अलेक्झांडर दुसरा राज्याची आधुनिक घडी बसवत होता आणि त्यात विशेष सवलतींच्या वसाहती बसत नव्हत्या. सर्वांना सैन्यसेवा सक्तीची करणारा कायदा १८७४ च्या आरंभी आला. ‘कायमची’ सूट संपल्याची कुणकुण त्याआधीच लागली होती, म्हणून १८७३ मध्ये वेगवेगळ्या मेनोनाईट आणि हटराईट (प्रौढ बाप्तिस्मा मानणारा दुसरा एक पंथ) वसाहतींचे बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहायला गेले. त्यात अलेक्झांडरवोलचे वडील याकोब बुलर होते. कॅनडातल्या मॅनिटोबापासून टेक्सासपर्यंतची जमीन त्यांनी फिरून पाहिली. कॅनडाच्या सरकारने लष्करी सेवेतून सूट देण्याचे लेखी कबूल केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने तसे वचन दिले नाही. परिणामी वसाहतीतले अधिक कडक वळणाचे लोक मॅनिटोबाला गेले, आणि हवामान, जमीन व बाजारपेठ यांचा विचार अधिक करणारे अमेरिकेकडे वळले. १८७४ मध्ये कॅन्सस राज्याने आपल्या नागरी सैन्यदलातून अशा लोकांना सूट देणारा कायदा केल्याने त्या राज्याचे पारडे जड झाले. दरम्यान झारने जनरल टोटलेबेन यांना समजूत घालायला पाठवले आणि सैन्याऐवजी वनखात्यात काम करण्याचा पर्याय पुढे आला, त्यामुळे बहुसंख्य मेनोनाईट रशियातच राहिले. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे १८,००० लोक निघाले, त्यांतले सुमारे १०,००० अमेरिकेत आणि ८,००० कॅनडात गेले.

अलेक्झांडरवोल मात्र जवळजवळ संपूर्ण निघाले. घरे, गुरे, अवजारे मिळेल त्या भावाने विकली गेली, कारण सगळे गाव एकदमच विकायला निघाले की भाव पडणारच. बायकांनी झ्वीबाक भाजून पोत्यांत भरले. झ्वीबाक म्हणजे एका गोल पावावर दुसरा लहान पाव बसवून भाजलेला, लोण्याचा जोडपाव. तो पुन्हा भट्टीत घालून खडखडीत वाळवला की महिनोन्‌महिने टिकतो आणि चहात किंवा कॉफीत बुडवून खाता येतो. आपल्याकडे प्रवासाला दशम्या बांधून देतात, त्याच भावनेने हे पाव बांधले गेले. हँबुर्गहून ‘सिंब्रिया’ आणि ‘ट्युटोनिया’ या दोन आगबोटींतून मंडळी १८७४ च्या ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरली. एका गटाचे पुढारी बुलर होते, दुसऱ्याचे डीट्रिख गेडर्ट. गेडर्ट यांचा गट थोडा पश्चिमेला जाऊन वसला आणि त्यांची होफ्नुंग्साउ नावाची वेगळी मंडळी झाली. अलेक्झांडरवोल हे नाव बुलर यांच्या गटाकडे राहिले.

आता त्यांना ही जमीन कुणी दिली, हे पाहिले पाहिजे. अमेरिकी काँग्रेसने १८६३ मध्ये रेल्वे बांधण्यासाठी कॅन्ससला जमीन दिली आणि ती ॲचिसन, टोपेका अँड सँटा फे कंपनीला मिळाली. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक चौकोन कंपनीचे, उरलेले सरकारचे. प्रत्येक चौकोन एक मैल लांब आणि एक मैल रुंद, म्हणजे ६४० एकरांचा. मार्ग १८७२ च्या अखेरीस राज्याच्या पश्चिम सीमेला पोचला, पण आजूबाजूला माणूस नसेल तर गाडीत माल कोण चढवणार? म्हणून कंपनीचे जमीन-प्रतिनिधी सी. बी. श्मिट, जे स्वतः जर्मन भाषक होते, या शेतकऱ्यांच्या मागे लागले. कंपनीने टोपेका शहरातल्या एका रिकाम्या कारखान्यात आलेल्या शेकडो लोकांची राहण्याची सोय केली आणि त्यांच्या नव्या जमिनीवर सुमारे २०० फूट लांबीच्या लाकडी चाळी बांधून दिल्या. पहिला हिवाळा कित्येक कुटुंबांनी त्या चाळींमध्ये, मध्ये पडदे टाकून काढला, आणि उपासनाही तिथेच झाली. त्याच उन्हाळ्यात कॅन्ससवर टोळधाड आली होती आणि आधीच्या वसाहतदारांची उभी पिके फस्त झाली होती. मंडळी पोचली तेव्हा तो प्रदेश तसा उघडाबोडका झालेला होता.

एक गोष्ट मात्र या कहाणीत बहुतेक वेळा गाळली जाते आणि ती गाळता येणार नाही. मोलोच्नाचे मैदान मेनोनाईट येण्याआधी नोगाय या भटक्या पशुपालकांचे चरणीचे होते. कॅन्ससची ती मैदाने कॉ आणि इतर मूळ रहिवाशांची होती, आणि कॉ लोकांना उरलेल्या जमिनीवरून हलवून दक्षिणेकडच्या राखीव प्रदेशात नेले गेले ते १८७३ मध्ये, म्हणजे मंडळी पोचण्याच्या अवघे एक वर्ष आधी. शस्त्र न धरणाऱ्या या लोकांनी कुणालाही स्वतः हुसकावले नाही. पण दुसऱ्यांनी शस्त्राने मोकळी केलेली जमीन त्यांना दोन वेळा मिळाली, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यांच्या विचारी वंशजांना हा प्रश्न आज टोचतो.

सुरुवातीला त्यांनी मोलोच्नासारखीच गावे वसवण्याचा प्रयत्न केला. होखफेल्ड, ग्नाडेनफेल्ड अशी जुनी नावे, मध्ये रस्ता, कडेने घरे आणि मागे पट्ट्या. थोड्याच वर्षांत ही रचना मोडली. चौकोनी मोजणीच्या देशात लांबट पट्ट्यांचे हिशेब, सातबाऱ्यासारखी कागदपत्रे आणि कर यांचा मेळ बसेना, आणि प्रत्येकाला आपल्या चौकोनावर जाऊन राहणे सोयीचे वाटू लागले. काहींनी तर घरेच उचलून शेतावर नेली. गाव नाहीसे झाले, म्हणून मग सगळ्यांना एकत्र आणणारी एकच जागा उरली, ती चर्च. १८८६ मध्ये मोठी इमारत उभी राहिली आणि १९२८ मध्ये तिचे रूप बरेच बदलून ती वाढवली गेली. मंडळी मोठी होत गेली, तसतशा तिच्यातून आसपास नव्या मंडळ्याही निघाल्या. जवळच्या गोसेल गावाला हे नाव मिळाले ते कॅप्टन फॉन गोसेल यांच्यावरून. त्यांचे ‘एल्बे’ हे जहाज १८९५ च्या जानेवारीत उत्तर समुद्रात बुडाले आणि ते जहाजाबरोबर गेले. आगबोटीने आलेल्या लोकांना त्या बातमीने किती चटका लावला असेल, हे या नावावरून समजते.

या लोकांचे नाव कॅन्ससच्या इतिहासात सर्वाधिक घेतले जाते ते ‘टर्की रेड’ या गव्हासाठी. हा कडक दाण्याचा, तांबूस हिवाळी गहू. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली रोपे निपचित पडून राहतात, वसंतात पुन्हा उभारी धरतात आणि जूनच्या सुमारास, म्हणजे उन्हाळ्याचा कोरडा तडाखा बसण्याआधीच, पीक कापणीला येते. प्रत्येक घराने रशियातून निघताना मुलांकडून एकेक टपोरा दाणा निवडून पेटीत भरून आणला, अशी गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. तिच्यात तथ्य नाही असे नाही, थोडेथोडे बियाणे लोकांनी आणलेच. पण राज्यभर पीक पसरायला पेट्यांतले बियाणे पुरे पडत नाही. त्यामागे बेर्नहार्ड वार्केंटिन या मेनोनाईट गिरणीमालकाने पुढे मोठ्या प्रमाणावर मागवलेले बियाणे होते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे गिरण्यांचे तंत्र बदलले होते. जुन्या दगडी जात्यांच्या गिरण्यांना हा कडक दाणा नकोसा होता. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर त्याच दाण्याचे पीठ पावासाठी उत्तम ठरले. शेतकरी, गिरणी आणि रेल्वे अशा तिघांचे जमले तेव्हाच कॅन्सस गव्हाचे राज्य झाले.

गहू मळण्यासाठी त्यांच्याकडे एक दगड असे. चुनखडीचा, कमरेइतक्या लांबीचा रूळ, त्यावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या सात उंच धारा, आणि दोन्ही टोकांना लाकडी चौकट अडकवण्याची सोय. खळ्यात पेंढ्या पसरायच्या आणि घोड्यामागे हा रूळ गोलगोल फिरवायचा; आपल्या पातीच्या बैलांच्या खुरांचे काम त्या सात धारा करत. कॅन्ससला आल्यावर त्यांनी असे दगड पुन्हा घडवून घेतले. पण तिथे मळणीयंत्रे आधीच फिरत होती, त्यामुळे हौसेने घडवलेले ते दगड काही वर्षांतच कोपऱ्यात पडले. आज ते गोसेलच्या संग्रहालयात आणि न्यूटनजवळच्या बेथेल कॉलेजच्या आवारात दिसतात. मेनोनाईटांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या या कॉलेजच्या खेळाडूंच्या संघाला आजही ‘थ्रेशर्स’, म्हणजे मळणी करणारे, असेच म्हणतात.

भारताशी या लोकांचा संबंध गव्हामुळे नव्हे, तर दुष्काळामुळे आला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अमेरिकेतून ‘क्विटो’ हे धान्याचे जहाज मुंबईला आले. मदतीच्या कामासाठी आलेल्यांत कॅन्ससचे मेनोनाईट पुढारी डेव्हिड गर्ट्झ होते. १८७४ च्या स्थलांतरात नवागतांची व्यवस्था लावणाऱ्यांपैकी ते एक. त्याच सुमारास, १९०० मध्ये, त्यांच्या परिषदेचे, म्हणजे मेनोनाईट मंडळ्यांच्या संघाचे, पहिले मिशनरी भारतात आले आणि आजच्या छत्तीसगडमधल्या चांपा आणि जांजगीर भागात त्यांचे काम उभे राहिले. चांपाचे कुष्ठरुग्णालय त्यातूनच निघाले.

मंडळीची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि जर्मन बोलणारे, सैन्यात न जाणारे, युद्धकर्जाचे रोखे घ्यायला कचरणारे हे शेतकरी एका रात्रीत संशयित ठरले. मध्य कॅन्ससमध्ये जमावाने मेनोनाईटांच्या इमारतींना पिवळा रंग फासला, काहींना डांबर फासून पिसे चिकटवली. तरुणांना सैन्यात बोलावले गेले. कॅन्ससमधल्या फन्स्टन छावणीत गणवेश आणि कवायत नाकारणाऱ्यांवर दडपण आणि छळ झाला, आणि देशभरात काहींना लष्करी न्यायालयाने दीर्घ कारावास ठोठावला. ज्या गोष्टीसाठी प्रशिया सोडला, रशिया सोडला, तीच गोष्ट स्वातंत्र्याच्या देशात दारात येऊन उभी राहिली. यावेळी मात्र मंडळी उठून गेली नाही. त्यांनी सरकारशी बोलणी करत राहण्याचा मार्ग धरला, आणि दुसऱ्या महायुद्धात शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी नागरी सेवेची अधिकृत योजना झाली. जंगलातले वणवे विझवणे, मृदासंधारण, मनोरुग्णालयांतली शुश्रूषा अशी कामे त्या योजनेतल्या तरुणांनी केली. रशियात मागे राहिलेल्या आप्तांवर क्रांती, यादवी आणि दुष्काळ कोसळला तेव्हा १९२० मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाईटांनी मध्यवर्ती मदत समिती स्थापन केली. १९२२ मध्ये तिची अन्नछत्रे मोलोच्नाच्या गावांत उभी राहिली, आणि सुटून गेलेल्यांच्या शेतातले धान्य मागे राहिलेल्यांच्या ताटात पोचले.

भाषा मात्र हळूहळू हातातून गेली. उपासनेची भाषा आधी डच होती, प्रशियात ती जर्मन झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅन्ससमध्ये तिची जागा इंग्रजीने घेतली. घरात बोलली जाणारी प्लाउटडीच ही विस्तुलाकाठची बोली तर आता मोजक्या वृद्धांच्याच तोंडी उरली आहे. पूर्वी मंडळीतूनच निवडलेला, पगार न घेणारा, नांगर धरून उरलेल्या वेळेत प्रवचन करणारा शेतकरीच उपदेशक असे. आता शिकलेले, वेतन घेणारे पाळक आहेत, आणि मंडळी ज्या मोठ्या संघात आहे त्यात स्त्रियांनाही पाळकपद मिळते. आपसांतल्या लग्नांचा दंडक केव्हाच सुटला. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा देण्याचा अधिकार एकट्या वडिलांकडे असे, ती जुनी उतरंडही गेली.

बाप्तिस्म्याचे मात्र तेच राहिले. या मंडळीच्या घरात जन्मलेले मूल आजही जन्माने सभासद होत नाही. आई-वडील त्याला उपासनेला आणतात, ते मोठे होते, शिकवणीला बसते, आणि एखाद्या वर्षी, जुन्या रिवाजाप्रमाणे बहुधा पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, सुमारास, ते तरुण किंवा ती तरुणी सर्वांपुढे उभी राहते आणि विचारलेल्या प्रश्नांना स्वतःच्या तोंडाने उत्तर देते. मग डोक्यावर पाणी ओतले जाते आणि तिचे नाव मंडळीच्या नोंदीत लिहिले जाते, विस्तुलाच्या काठी जिची पहिली पाने लिहिली गेली त्याच नोंदीत, बहुधा त्याच जुन्या आडनावांपैकी एखाद्याखाली, आणि अलीकडे पुष्कळदा अगदी नव्या आडनावासह.